वॉटसनचें हॉटेल : पाडावें कीं राखावें ?

मुंबईच्या काळा घोडा भागांत एस्प्लनेड मॅन्शन या नांवाची जी जीर्ण इमारत आहे, ती मूळची वॉटसनचें हॉटेल होय. 2019 सालीं ती धोकादायक ठरवून आंतील भाडेकरूंस बाहेर काढण्यांत आलें. आय. आय. टी. मुंबईच्या अहवालानें ती पाडण्याची शिफारस केली. वास्तुसंवर्धनाच्या जाणकारांनीं ती दुरुस्त होण्याजोगी आहे असें प्रतिपादिलें. वाद स्थापत्याचा खरा, परंतु त्याचें एक अंग इतिहाससंशोधकांच्या अधिकारांतलें आहे. तेवढ्यापुरतेंच आम्ही लिहितों.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां किल्ल्याचा तट पाडला गेला व एस्प्लनेडची जागा बांधकामास मोकळी झाली. तेथें जॉन हडसन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानें ही इमारत उभारविली. योजना रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियराची; लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाच्या छपरांतही याचा हात होता. लोखंडाचे भाग इंग्लंडांत ओतून जहाजानें आणले आणि 1867 ते 1869 या काळांत येथें जोडले. तळमजल्यावर भोजनगृह व मद्यगृह, वर 130 खोल्या, प्रत्येक मजल्यास रुंद सज्जे, मध्यें कांचेच्या छताखालीं नृत्यशाळा, अशी मूळची मांडणी होती.

महत्त्वाची गोष्ट ही कीं, येथें भार भिंती वाहत नाहींत. सांगाडा वाहतो, आणि विटा केवळ पोकळी भरतात. शिकागोचें होम इन्शुरन्स बिल्डिंग, ज्याच्यापासून गगनचुंबी इमारतींची वंशावळ सांगण्याचा प्रघात आहे, तें 1885 सालचें. आमच्या मतें मार्क ट्वेन 1896 सालीं येथें उतरला होता यापेक्षां, किंबहुना 7 जुलै 1896 रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम येथेंच दाखविलीं यापेक्षांही, या सांगाड्याची साक्ष मोलाची आहे. कारण त्या गोष्टी कागदांत टिकून आहेत, ही लोखंडाखेरीज कोठेंही नाहीं. जमशेटजी टाटांस येथें प्रवेश नाकारला म्हणून त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें, ही कथा मात्र समकालीन लेखी आधार मिळेपर्यंत आख्यायिकेंतच ठेवावी.

पोथीच्या कडा कसरीनें खाल्ल्या म्हणून कोणी पोथी अग्नींत टाकीत नाहीं. नवी नक्कल करून जुनी प्रत फेंकणाऱ्यास तर आपण संशोधक म्हणणारच नाहीं. हॉटेल बंद झाल्यावर इमारतीच्या खोल्या वेगवेगळ्या भाडेकरूंकडे गेल्या, वकिलांच्या कचेऱ्या आल्या, आडभिंती पडल्या, सज्जे बंद झाले. हे सर्व क्षेपक. प्रक्षिप्त श्लोक काढल्यानें मूळ ग्रंथ हलका होतो. येथें तर शब्दशः तसें होईल. जोडून उभारलेल्या सांगाड्यांतील सडलेला भाग बदलतां येतो, हा संवर्धकांचा युक्तिवाद आम्हांस पटतो. नुसतें दर्शनी तोंड राखून मागें काँक्रीट घालणें म्हणजे मुखपृष्ठ ठेवून ग्रंथ विकणें होय.

तथापि प्राणभय खोटें नव्हे. जुलै 2005 मध्यें दर्शनी भाग कोसळून एक मनुष्य दगावला. त्यानंतरच्या वर्षीं वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादींत हें नांव होतें. भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळें गोठलेल्या भाड्यांत मालकानें लोखंडास रंग तरी कशाचा द्यावा, हाही प्रश्न आहेच. दोष एकाच्या माथीं मारण्यांत अर्थ नाहीं. रिकामी झालेली इमारत दुरुस्तीस सोईची असते, एवढें ध्यानांत घ्यावें.

निर्णय कांहींही होवो, तूर्त प्रत्येक खांबाचें व तुळईचें माप घेऊन, जोड व ओतकामाच्या खुणा उतरवून ठेवणें अगत्याचें आहे. आमच्या वाचकांच्या दप्तरांत या हॉटेलचीं बिलें, भोजनपत्रिका, खोल्यांच्या भाड्याच्या पावत्या किंवा जुनीं छायाचित्रें असल्यास त्यांच्या नकला त्यांनीं या त्रैमासिकाकडे पाठवाव्या. भोजनगृहाच्या अंतर्भागाचें चित्र कोणापाशीं असेल, तर तें प्रथम पाठवावें. मूळ मांडणी ठरविण्यास त्याचा उपयोग होईल.