‘फार फ्रॉम’ म्हणजे नेमकं किती लांब? अंतराचे इंग्रजी शब्द ‘प्रमाण’ कसं सांगतात?

समजा, पावसाळ्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका इंग्रजी बातमीचा स्क्रीनशॉट आला : ‘द डॅम इज नोव्हेअर निअर फुल’. कुणीतरी घाईघाईत वाचलं. ‘डॅम’ दिसलं, ‘निअर’ दिसलं, ‘फुल’ दिसलं. खाली मराठीत ओळ टाकली, ‘धरण भरत आलंय, काळजी घ्या.’ तासाभरात हा मेसेज आणखी दहा ग्रुपवर गेला.

मूळ वाक्य मात्र बरोबर उलटं सांगत होतं. धरण भरायला अजून बराच अवकाश आहे, असा त्याचा अर्थ होता.

या वाक्यात ‘नॉट’ नाही आणि ‘निअर’ आहे, म्हणून गफलत झाली. इंग्रजीत असे डझनावारी शब्दप्रयोग आहेत. दिसायला ते अंतराबद्दल असतात, पण सांगतात ते ‘किती’ आणि ‘कुठपर्यंत’. बातम्या, सरकारी निवेदनं आणि कायद्याच्या भाषेत ते सतत येतात. त्यांचा अर्थ कसा लावायचा, ते समजून घेऊ.

अंतर आणि प्रमाण यांचा संबंध काय?

प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, अंतर दिसतं. म्हणून माणूस प्रमाणाची कल्पना रस्त्यासारखी करतो. एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘पूर्णपणे’ आणि मध्ये आपण कुठेतरी उभे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ हे पुस्तक लिहिलं. अशी रूपकं फक्त कवितेत नसतात, आपला रोजचा विचारही त्यांच्यावर चालतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

मराठीही हेच करते. ‘जवळपास शंभर लोक’, ‘पार थकलो’, ‘आता हद्द झाली’, ‘दोघांत जमीन-अस्मानाचा फरक’, ‘दुरान्वयानेही संबंध नाही’. यातल्या एकाही ठिकाणी कुणी टेप घेऊन अंतर मोजलेलं नाही.

मराठी ‘फार’ आणि इंग्रजी ‘फार’ एकच का?

नाही. उच्चार जुळतो, पण दोन्ही शब्दांची घराणी वेगळी. मराठी ‘फार’ संस्कृत ‘स्फार’वरून, म्हणजे ‘विस्तृत, पुष्कळ’ या अर्थाच्या शब्दावरून आला. इंग्रजी ‘फार’चं दूरचं नातं आहे ते संस्कृत ‘पर’शी, म्हणजे आपल्या ‘परदेश’मधल्या ‘पर’शी.

या साम्यामुळे मराठी माणसाची एक चूक हमखास होऊ शकते. ‘फार चांगला’ म्हणून ‘फार गुड’ म्हणता येत नाही. इंग्रजी ‘फार’ला तुलना लागते. ‘फार बेटर’ म्हणजे ‘कितीतरी अधिक चांगला’. ‘फार टू एक्स्पेन्सिव्ह’ म्हणजे ‘परवडण्यापलीकडे महाग’. दोन गोष्टींमधलं अंतर दाखवायचं असेल तरच हा शब्द कामाला येतो.

हेच अंतर सर्वांत वरच्या क्रमांकाला लावलं की ‘बाय फार’ किंवा ‘फार अँड अवे’ होतं. ‘द लार्जेस्ट’ म्हणजे नुसतं ‘सर्वांत मोठं’. ‘बाय फार द लार्जेस्ट’ म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला खूप मागे टाकणारं. निवडणुकीच्या किंवा बाजारपेठेच्या बातमीत हा फरक गाळला, तर निम्मी बातमी गळते.

‘नॉट’ नसलेला नकार

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो या गटात.

▪ फार फ्रॉम : ‘द वॉर इज फार फ्रॉम ओव्हर’ म्हणजे युद्ध संपलेलं नाही आणि लवकर संपण्याची चिन्हंही नाहीत. ‘संपण्यापासून दूर’ असं शब्दशः भाषांतर कानाला खटकतं. ‘इतक्यात संपणार नाही’ हे सरळ मराठी.

▪ फार फ्रॉम इट : एखाद्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलं, तर ‘छे, मुळीच नाही’.

▪ नोव्हेअर निअर : ‘च्या आसपासही नाही’. यात ‘निअर’ असला तरी जवळ काहीच नाही.

▪ अ फार क्राय फ्रॉम : ‘क्राय’ म्हणजे इथे रडणं नाही, हाक. आपण ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो, त्याच्या उलट. दोन गोष्टींमध्ये इतका फरक, की एकीची हाक दुसरीला ऐकू जाणार नाही. जाहीरनाम्यातलं आश्वासन आणि प्रत्यक्षातलं काम यांची तुलना करताना हा प्रयोग बराच दिसतो.

▪ नॉट इव्हन रिमोटली : आपलं ‘दुरान्वयानेही नाही’ इथे अगदी चपखल बसतं.

जवळ म्हणजे पोहोचलं असं नाही

‘क्लोज टू फाइव्ह हंड्रेड’ म्हणजे पाचशेच्या घरात. बहुतेक वेळा आकडा पाचशेच्या किंचित खाली असतो. त्याचं ‘पाचशेहून अधिक’ करणं चूक.

त्याहून नाजूक शब्द म्हणजे ‘शॉर्ट ऑफ’. राजनैतिक बातम्यांमध्ये एक रचना नेहमी येते : एखादा देश दुसऱ्या देशावर टीका करतो, ‘बट स्टॉप्स शॉर्ट ऑफ कन्डेम्निंग इट’. म्हणजे नाराजी व्यक्त केली, पण निषेध करण्याआधी तो देश थांबला. यातला ‘कन्डेम्निंग’ शब्द पाहून ‘अमुक देशाकडून तीव्र निषेध’ असा मथळा दिला, तर जे घडलंच नाही ते छापलं जाईल. त्या देशाने जी पायरी मुद्दाम टाळली, तीच त्याच्या नावावर चढेल.

आणि ‘नथिंग शॉर्ट ऑफ अ मिरॅकल’? इथे नकारावर नकार आहे. चमत्कारापेक्षा तसूभरही कमी नाही, म्हणजे चमत्कारच.

‘कुठपर्यंत’ सांगणारे शब्द

‘फार’चं आणखी एक काम आहे, मर्यादा आखणं.

‘सो फार’ म्हणजे ‘आतापर्यंत’. ‘ट्वेल्व्ह डेड सो फार’ यात आकडा बदलू शकतो, ही सूचना आहे. ती गाळली, तर सकाळचा आकडा रात्रीही अंतिम म्हणून फिरत राहतो.

‘ॲज फार ॲज वी नो’ म्हणजे ‘आमच्या माहितीप्रमाणे’. बोलणारा इथे आपल्या माहितीची सीमा सांगतो. एवढे चारपाच शब्द काढले की अंदाज थेट वस्तुस्थिती बनतो. अफवेला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

मात्र ‘ॲज फार ॲज प्राइस इज कन्सर्न्ड’ यात कसलीही मर्यादा नाही. ‘किमतीबाबत बोलायचं तर’ एवढाच त्याचा अर्थ.

कायद्यात हे शब्द किती वजनदार ठरतात, याचं उदाहरण आपल्या राज्यघटनेतच आहे. राज्यघटनेपूर्वीचे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तर ते रद्द ठरतात, असं कलम १३ (१) सांगतं. पण तिथल्या इंग्रजी मजकुरात ‘इन सो फार ॲज’ आणि ‘टू द एक्स्टेंट’ हे शब्द आहेत. म्हणजे जेवढी विसंगती, तेवढाच कायदा रद्द.

मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या १९५१ च्या खटल्यात याचा प्रत्यय आला. तेव्हाच्या मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावर, वापरण्यावर बंदी घालणाऱ्या तरतुदी त्यांत होत्या. बाकीचा कायदा मात्र टिकला. ‘दारूबंदी कायदा रद्द’ आणि ‘दारूबंदी कायद्यातल्या काही तरतुदी रद्द’ या दोन मथळ्यांमधला फरक हाच ‘कुठपर्यंत’चा फरक आहे.

इंच आणि मैल कुठून आले?

‘गिव्ह ॲन इंच, टेक अ माइल’ म्हणजे बोट दिलं की हात धरणं. या म्हणीच्या जुन्या रूपात मैल नव्हता, ‘एल’ होता. एल हे कापड मोजायचं माप, इंग्लंडमध्ये ४५ इंचांचं. ते वापरातून गेलं आणि मैल आला. मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, त्यामुळे अतिशयोक्ती कितीतरी पटींनी वाढली.

‘गो द एक्स्ट्रा माइल’ याचं मूळ बायबलमध्ये आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात (५:४१). कुणी एक मैल चालायची सक्ती केली तर दोन मैल जा, असा तिथला उपदेश. आज ऑफिसात अपेक्षेपेक्षा जास्त काम करण्याला तेच म्हणतात.

आणि ‘फारफेच्ड’? लांबून आणलेलं, हा त्याचा शब्दशः अर्थ. आपण त्याला ‘ओढूनताणून आणलेलं’ म्हणतो.

फॉरवर्ड करण्यापूर्वी तीन प्रश्न

१. वाक्यात ‘नॉट’ नसला तरी ‘फार फ्रॉम’, ‘नोव्हेअर निअर’ किंवा ‘शॉर्ट ऑफ’ आहे का? असेल तर पुढची गोष्ट घडलेली नाही, असं आधी गृहीत धरा. अपवाद ‘नथिंग शॉर्ट ऑफ’चा.

२. ‘सो फार’ किंवा ‘ॲज फार ॲज वी नो’ आहे का? असेल तर मराठीतही ‘आतापर्यंत’, ‘माहितीप्रमाणे’ हे शब्द ठेवा.

३. मशीनने केलेल्या भाषांतरात ‘पासून दूर’ किंवा ‘च्या जवळ’ असं विचित्र काही दिसतंय का? मग तिथे अंतर नसून प्रमाण असण्याची शक्यता मोठी. मूळ वाक्य एकदा उघडून पाहा.

धरणाच्या त्या मेसेजसाठी पहिला प्रश्न पुरेसा होता.