तैनात

'तैनात' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. अर्थ साधा: नेमलेला, कामावर ठेवलेला. त्याला 'फौज' चिकटली आणि शब्द कडू झाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी होळकरांच्या धास्तीने पेशवा दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांचे किमान ६,००० पायदळ कायमचे तैनात; खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. मुलूख गेल्याचे दुःख आहेच, पण मला अधिक जिव्हारी लागते ते दुसरे कलम: इंग्रजांना विचारल्याशिवाय कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी असत. त्याच दौलतीला आता निजामाशी असलेला जुना तंटाही इंग्रजांच्या लवादावर सोपवावा लागला.