कापसाचा लेप

चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात आज केळीच्या बागा आधी डोळ्यांत भरतात; पण खानदेशाचे नाव दूरच्या बाजारात पोचवले ते कापसाने. अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861–65) तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, मुंबईत भाव चढले, आणि गाठींतली भेसळ रोखायला 1863 मध्ये सरकारला कायदा करावा लागला. ही कथा आपण बहुधा गिरणीच्या दाराशी संपवतो. पण सरकी काढल्यावर तिच्या अंगाला जी आखूड लव चिकटून राहते, तीही जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच असते. तिच्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली, मिळालेला पदार्थ द्रावकात विरघळवला, की विमानाच्या कापडी पंखावर चढवायचा लेप तयार होतो. कारागीर त्याला डोप म्हणतात. चोपड्याची सरकी पुण्यात उडणाऱ्या विमानांच्या पंखांवर चढली, असा माझा दावा नाही. खानदेशी देशी कापूस आखूड धाग्याचा; विमानाच्या कापडाला लांब धाग्याचे, घट्ट पिळाचे सूत लागते. माझे म्हणणे वेगळे आहे. बिनइंजिनाच्या विमानाचे, म्हणजे ग्लायडरचे, आयुष्य त्याच्या सांगाड्याइतकेच त्याच्या लेपावर ठरते, आणि तो लेप जोवर कापसापासून होत होता तोवर विमान जगवण्याची कळ जवळच्या कर्मशाळेत होती. महाराष्ट्रातल्या ग्लायडिंगचा इतिहास या टोकाकडूनही वाचायला हवा.

लेप म्हणजे रंगरंगोटी, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. लाकडी फासळ्यांवर ताणलेले नुसते कापड हवा धरत नाही. डोप वाळताना आकसतो, कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताणले जाते, तेव्हा कुठे पंखाला आकार येतो. पहिले हात पारदर्शक डोपचे, मग ॲल्युमिनियमची पूड मिसळलेले चंदेरी हात, शेवटी रंग. चंदेरी थर दिसायला सुंदर म्हणून नसतो. सूर्याचे अतिनील किरण तो अडवतो, नाहीतर खालचे सूत कुजत जाते. डोप लवचीक राहावा म्हणून त्यात कापूर किंवा चक्क एरंडेल घालत. वर्षे गेली की हा मऊपणा उडून जातो आणि पृष्ठभागावर वलयाकार भेगा पडतात. त्यावर नुसता नवा हात फिरवणे ही फसवणूक. जुन्या ठिसूळ थरावर नवा थर बसला तरी भेग खालून वर येते, वजन वाढते, आणि सुकाणूच्या पृष्ठावर वाढलेले वजन तोल बिघडवून उड्डाणात घातक कंपने सुरू करू शकते. म्हणून कापडाची ताकद तपासायची, ते हरले असेल तर सगळे उतरवायचे, उघड्या पडलेल्या लाकडाचे व सरसाचे सांधे बघायचे, मग नवे कापड. पावसाळ्यात हे काम होत नाही. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लेप दुधाळ, कमजोर होतो. खानदेशातला कोरडा हिवाळा यासाठी उत्तम ठरावा. तिथला मे महिना, 45 अंशांच्या आसपासचा, लेपाचा वैरी. गंमत अशी की तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेवरच ग्लायडर वर जाते. जे ऊन त्याला उचलते तेच त्याची कातडी खाते.

पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभे राहिले आणि नागरी विमान वाहतूक खात्याने एस. राममृतम यांच्या आराखड्यांवरून देशी ग्लायडर बनवायला घेतली. दोघांना शेजारी शेजारी बसवणारे ‘रोहिणी’ 1961 मध्ये उडाले, एकट्याचे ‘कार्तिक’ 1963 मध्ये, दोन्ही लाकडाची. यावर आक्षेप ठरलेला: स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले ‘फिनिक्स’ हे काचतंतूंचे पहिले ग्लायडर 1957 मध्येच उडाले होते, मग चार वर्षांनी आपण लाकूड-कापडात अडकून का राहिलो? आक्षेपात वर्षे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. ‘फिनिक्स’ स्पर्धेचे यंत्र होते, ‘रोहिणी’ शिकवण्याचे. शिकवण्याच्या यंत्राची बरोबरी करायची तर जर्मनीतल्याच श्लायशर कारखान्याचे दोन आसनी ‘के 13’ घ्यावे. ते 1966 मध्ये उडाले, आणि त्यातही पोलादी नळ्या, लाकूड व कापड होते. त्याच कारखान्याचे काचतंतूंचे शिकाऊ विमान ‘के 21’ आकाशात जायला 1978 उजाडले. शिकाऊ विमान रोज आपटते, ओरखडते. ते ठिगळ लावून पुन्हा उडवता यावे ही गरज जर्मनांनाही कळत होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कापड काही वर्षांनी बदलावे लागते, दमट हँगरमध्ये सरस सुटतो. काचतंतूंचा पंख मात्र दशके टिकतो. हे खरे. पण त्याच्यावरचा जेलकोट टिकत नाही. पॉलिएस्टरचा हा थर साच्यात सर्वांत आधी लावतात आणि त्याच्या मागे काचेचे कापड व राळ बसवतात. ऊन, थंडी आणि ओलावा यांनी तो पिवळटतो, मग केसासारख्या भेगा पडतात. तो नवा करायचा म्हणजे सगळा थर घासून काढायचा, खालचा एकही तंतू न कापता. पुन्हा फवारायचा, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदांनी हाताने घासायचा, चकाकी आणायची. एका विमानाला शेकडो तास जातात. शिवाय राळ उन्हात मऊ पडू नये म्हणून रंग बहुतेक पांढराच ठेवावा लागतो. म्हणजे देखभाल संपली नाही. वारंवारच्या लहान कामाऐवजी क्वचितचे पण अवाढव्य काम आले, आणि राळ, जेलकोट, दुरुस्तीच्या सूचना हे सारे मूळ कारखान्याकडे गेले. उड्डाणाच्या गुणांत काचतंतू निर्विवाद वरचढ आहेत. लांब, गुळगुळीत, अचूक आकाराचा पंख कापडाला साधतच नाही. पण ज्या देशात परकीय चलन मोजून मिळत होते, तिथे 1961 साली कापड, प्लायवूड आणि डोप निवडणारा आराखडाकार काळाच्या मागे नव्हता. बिघडलेले विमान पुढच्या हंगामात कोण उडते करणार, हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते.