बोलतें इंजिन आणि ऐकणारा मिस्त्री

मनुष्याच्या रोगाचें निदान वैद्य करतो, तसें यंत्राच्या रोगाचें निदान मिस्त्री करतो. दोहोंच्या विद्येंत एक मोठा भेद पूर्वापार मानला जात असे. रोगी बोलतो, यंत्र बोलत नाहीं. आतां हा भेद पुष्कळसा नाहींसा झाला आहे. आजची डिझेल व्हॅन बिघडली कीं स्वतःची तक्रार स्वतः नोंदवून ठेवते, आणि उपचार होईपर्यंत आपली चालहि आवरून घेते. यंत्राला वाचा फुटल्यानें मिस्त्र्याचें काम सोपें झालें कीं अवघड, हा प्रश्न परभणीसारख्या जिल्ह्यांत केवळ जिज्ञासेचा नाहीं. पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या गांवांच्या रस्त्यांवर शाळेचीं मुलें, बाजाराचा माल आणि दवाखान्यांत निघालेला रोगी, या सर्वांचा भार अशाच गाड्यांवर असतो. वाटेंत गाडी अडली म्हणजे केवळ गाडीच अडत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. परभणी जिल्हा पूर्वीं हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत १९३२ सालीं निजाम स्टेट रेल्वेच्या रेल व रस्ते वाहतूक खात्यानें २७ गाड्यांनिशीं बससेवा सुरू केली. पुढें १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. या काळांत रस्ते वाढले, गाड्या वाढल्या, आणि त्यांच्यामागोमाग बसस्थानकांच्या आसपास मिस्त्री लोकांचीं गॅरेजेंहि वाढलीं.

रुडॉल्फ डिझेल यानें ऑग्सबुर्ग येथें आपलें इंजिन १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलें. परंतु तें मोटारींत सुखानें बसलें तें बॉश कंपनीचा इंधनपंप १९२७ सालीं बाजारांत आल्यानंतर. आपल्याकडे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास स्थापन झाली. पंप व नोझल देशांत बनविण्यासाठीं १९५१ सालीं बंगळूरला मायको कंपनी निघाली. १९५८ सालीं नवलमल फिरोदिया यांनीं बजाज टेम्पो कंपनी उभी केली, आणि ‘टेम्पो’ हें एका जर्मन गाडीचें नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. त्याच कंपनीची मॅटाडोर आणि १९८७ सालापासूनची ट्रॅव्हलर या व्हॅनगाड्या महाराष्ट्राच्या खेडोपाडीं पोहोंचल्या.

मॅटाडोरच्या इंजिनावर संगणक नव्हता. तिचें निदान कान, नाक, डोळे आणि हात यांनींच होत असे. सायलेन्सरमधून काळा धूर आला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा आला तर ऑइल जळत आहे, पांढरा आला तर डिझेल न जळतांच बाहेर पडत आहे, हें मिस्त्र्याच्या हाताखालचा मुलगा पहिल्या वर्षींच शिके. चार सिलिंडरांपैकीं कोणता काम करीत नाहीं हें पाहण्यासाठीं एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित् सैल करीत. ज्याचा नट सैल केल्यानें इंजिनाच्या आवाजांत कांहींच फरक पडत नसे, तोच दोषी. ही रीत साधी, परंतु शास्त्रशुद्ध होती. एक गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, आणि परिणाम पाहावा, हेंच तिचें सूत्र.

हें जग बदललें तें मुख्यतः धुरामुळें. शहरांची हवा राखण्यासाठीं डिझेल अधिक बारीक तुषारांत आणि अचूक क्षणीं उडविणें भाग पडलें. १९९७ सालीं युरोपांतील मोटारींत कॉमन रेल पद्धति आली. तींत डिझेलचा दाब वायुमंडलाच्या दाबाच्या दीड हजारपट आणि त्याहूनहि अधिक चढतो. एवढ्या दाबाचें नियंत्रण कानानें होणें नाहीं. तें काम ईसीयू या संगणकाकडे गेलें, आणि दाब, उष्णता, हवा, वेग यांची वर्दी त्याला देण्यासाठीं ठिकठिकाणीं सेन्सर बसले. भारतांत २०१० नंतर स्वयंनिदानाची सोय टप्प्याटप्प्यानें सक्तीची झाली. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हीं मानकें देशभर लागू झालीं.

येथूनच ‘लिम्प मोड’ हा शब्द गॅरेजांत आला. त्याला लंगडी चाल म्हणावें. एखादा सेन्सर अशक्य आंकडा सांगूं लागला, किंवा दोन सेन्सरांच्या वर्दींत मेळ बसेनासा झाला, कीं ईसीयू इंजिनाची शक्ति मर्यादित करतो. गाडी चालते, पण धांवत नाहीं. कित्येक गाड्यांत एक्सलेटरच्या पायट्याला दोन सेन्सर असतात, ते एकमेकांचे साक्षीदार म्हणून. त्यांची साक्ष जुळली नाहीं तर पाय कितीहि दाबला तरी इंजिन ठराविक मर्यादेपलीकडे जात नाहीं. इंजिन वांचावें आणि गाडी कशीबशी ठिकाणीं पोहोंचावी, एवढाच या व्यवस्थेचा हेतु.

स्कॅनर लावला कीं दोषाचा क्रमांक दिसतो. या ठिकाणींच मोठी फसगत होते. क्रमांक ज्या सेन्सरचा, तोच बिघडला असें धरून नवा सेन्सर बसविला जातो, आणि दहा किलोमीटरांवर गाडी पुन्हां लंगडूं लागते. वस्तुतः सेन्सर हा साक्षीदार आहे, आरोपी नव्हे. टर्बोचा दाब कमी असल्याची नोंद झाली, तर पुष्कळदां सेन्सर खरेंच सांगत असतो. फाटलेला असतो तो हवेचा रबरी होज. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी. सेन्सरनें बाहेरच्या हवेचाच दाब दाखविला पाहिजे. मुंबईस तो सुमारें १०१ किलोपास्कल, तर उंचावरील परभणीस सुमारें ९६-९७ असतो. तेवढा दाखविला तर साक्षीदारावर बहुधा विश्वास ठेवावा.

उलट, पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर परभणीच्या वैशाखांत उणे ४० अंश सांगूं लागला, तर तें हवामान नव्हे. ती तुटलेली वायर किंवा निसटलेला कपलर. आणि तीन-चार सेन्सरांचे दोष एकदम दिसले तर ते सारे एकाच दिवशीं मेले असें मानूं नये. ईसीयू कित्येक सेन्सरांना पांच व्होल्टांचा पुरवठा एकाच वाटेनें देतो. त्यांतील एकाची वायर घासून बॉडीला लागली कीं सर्वांचा पुरवठा खचतो. एकेक कपलर काढीत जावें. जो काढतांच पुरवठा पूर्ववत् होतो, दोष त्याच्याच वाटेवर. नोझलचा नट सैल करून पाहणाऱ्या जुन्या मिस्त्र्याला ही रीत परकी वाटण्याचें कारण नाहीं. हत्यार बदललें, तर्क तोच राहिला.

ज्याच्या घरची चूल एका व्हॅनवर चालते, त्याला विनाकारण बदललेला प्रत्येक सेन्सर महाग पडतो. क्रमांक नुसता पुसून गाडी रस्त्यावर सोडणें तर त्याहून वाईट, कारण ती पुन्हां अडेल तेव्हां तींत कोण बसलेलें असेल हें कोणासच सांगतां येत नाहीं. जुन्या मिस्त्र्याला स्कॅनर वाचतां येत नाहीं म्हणून त्याला निरुपयोगी ठरविणें, आणि स्कॅनर वाचणाऱ्या तरुणानें मल्टिमीटर हातीं न धरणें, या दोन्ही चुका एकाच गैरसमजांतून निघतात. यंत्र आतां बोलतें हें खरें. पण तें आपल्याला काय दिसलें एवढेंच सांगतें. त्यावरून काय झालें असावें हें ठरविण्याचें काम पूर्वीं मनुष्याचें होतें, आणि तें अद्यापि त्याचेंच आहे.