छोट्या गेम कंपन्या आणि मोठ्या प्रकाशकांची खरेदी

भोसरी किंवा चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग बनविणाऱ्या लघुउद्योजकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : मोठ्या कंपनीची ऑर्डर आली की कारखाना चालतो, पण भागाचे ड्रॉइंग बहुधा त्या कंपनीचेच असते. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात हे चित्र उलटे आहे. येथे ड्रॉइंग, म्हणजे खेळाची कल्पना, पात्रे आणि नाव, छोट्या कंपनीचे असते आणि मोठी कंपनी नेमके तेच विकत घेते.

मोबाइलवरील 'रिअल क्रिकेट' हा खेळ अनेकांच्या परिचयाचा आहे. तो बनविणारी नॉटिलस मोबाइल ही कंपनी अनुज मानकर यांनी 2013 मध्ये सुरू केली. 2020 मध्ये ती पुण्याच्या जेटसिंथेसिसने घेतली. 2022 मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे 'पबजी'च्या मालकांनी, तीत गुंतवणूक केली आणि मार्च 2025 मध्ये 118 कोटी रुपयांना नियंत्रक हिस्सा घेतला. आधी थोडा हिस्सा, मग कामाची पारख आणि शेवटी ताबा, ही या व्यवसायातील रुळलेली वाट आहे. खरेदीदाराची जोखीम त्यामुळे कमी होते. संस्थापकाच्या हाती मात्र दर टप्प्याला थोडा कमी अधिकार उरतो.

मालक बदलल्यावर खेळाचे काय होते, याची दोन्ही टोके क्राफ्टनच्याच व्यवहारांत दिसतात. 'हाय-फाय रश' हा 2023 मधील खेळ समीक्षकांनी वाखाणला होता. तरीही मायक्रोसॉफ्टने मे 2024 मध्ये तो बनविणारा जपानी स्टुडिओ टँगो गेमवर्क्स बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. कौतुक झाले म्हणजे नोकऱ्या टिकतात, असे नाही! ऑगस्टमध्ये क्राफ्टनने खेळाच्या हक्कांसह या स्टुडिओला आश्रय दिला. याउलट 'सबनॉटिका'चा निर्माता अननोन वर्ल्ड्स हा स्टुडिओ क्राफ्टनने 2021 मध्ये 50 कोटी डॉलरला घेतला होता. पुढील कामगिरीवर आणखी 25 कोटी डॉलरपर्यंत देण्याचे ठरले होते. 2025 मध्ये त्याच्या प्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले आणि वाद अमेरिकेतील न्यायालयात गेला. करारातील 'पुढे देऊ' या शब्दांची किंमत आपल्याकडील व्हेंडरांना वेगळी सांगायला नको.

पुण्यात जॉबवर्कचाही अनुभव आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्टने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा येथील स्टुडिओ घेतला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती पुणे व मुंबईचे स्टुडिओ करणार, अशी घोषणा सप्टेंबर 2020 मध्ये झाली. मे 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलला हलविण्यात आले.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' उठून दिसतो. श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग यांची ही कंपनी. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ऑगस्ट 2020 मध्ये खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर कन्सोलवर आला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली डोंबाऱ्याची पोर, तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ, राजस्थानी वाड्यांची आठवण देणारी दालने आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी कथा, असा त्याचा थाट आहे. खेळ लवकर संपतो, ही तक्रार रास्त आहे. तरीही त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. प्रकाशनासाठी त्यांनी सुपर डॉट कॉम या परदेशी प्रकाशकाची मदत घेतली. 2022 मध्ये हिंदी संवादांसह त्याची सुधारित आवृत्तीही आली.