खंजिरी भजनाचे कूळ

विदर्भातल्या खंजिरी भजनाचे कूळ शोधणारा बहुधा अमरावती जिल्ह्यातच थांबतो. खंजिरीवर भजने गाणारे तुकडोजी महाराज यावलीचे, जन्म १९०९. मोझरीचा गुरुकुंज आश्रम १९३५ चा. या भजनाचे जन्मस्थान म्हणून अमरावती मान्य. पण गाण्याची एखादी रीत एकीकडे जन्मते आणि गावाची होते दुसरीकडेच. ते दुसरे ठिकाण, माझ्या मते, वर्धा जिल्हा. १९३६ च्या एप्रिलात गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी त्यांच्या बोलावण्यावरून तुकडोजी तिथे महिनाभर राहिले. आश्रमात सगळे एकत्र बसून प्रार्थना करीत. पुढे तुकडोजींनी गावोगाव रुजवलेली सामुदायिक प्रार्थना पाहिली की त्या महिन्याचे मोल कळते.

खंजिरी तर फकीर-गोसाव्यांच्या हाती आधीपासूनच होती, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण प्रश्न वाद्याच्या वयाचा नाही. वारकरी भजनाला वीणा लागते, मृदंग लागतो, आणि मृदंगावर हात बसायला वर्षे जातात. खंजिरी म्हणजे लाकडी कडे, त्यावर ताणलेले कातडे आणि कड्यात बसवलेल्या चकत्या. ताल आणि झांज एकाच हातात. दिवसभर कापूस वेचून आलेला माणूस रात्री ती घेऊन उभा राहू शकतो. याला एक दूरचे उदाहरण आहे: जून १९७६ मध्ये मँचेस्टरात सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम मोजक्याच लोकांनी ऐकला. त्यातल्या बर्नार्ड समनर आणि पीटर हुक यांनी बँड काढला, तोच पुढचा जॉय डिव्हिजन. ऐकणाऱ्याला ‘हे मलाही जमेल’ असे वाटणे, हेच अशा संगीताचे खरे बळ. खंजिरीने ते विदर्भात चाळीस वर्षे आधी दाखवले.

हे बळ गाण्यापुरतेच राहिले नाही, असे मला वाटते. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलिस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्याच दिवशी चिमूरही पेटले. ‘चले जाव’ची हवा देशभर होती, मग श्रेय भजनाला कसे, हा आक्षेप वजनदार आहे, आणि सगळे श्रेय भजनाला देणे आष्टीच्या हुतात्म्यांवर अन्यायच ठरेल. पण हवा सगळीकडे असताना आष्टी-चिमूरसारखी गावे थोडीच निघाली, आणि या भागात तुकडोजींची भजने घुमत होती. सरकारनेही हा संबंध जोडला: २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपुरात अटक झाली, आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले.