इस्टेट एजंट होण्यापूर्वी : कागद आणि मालकी हक्क यांतील अंतर

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले आणि तेथे राहणाऱ्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. या इमारतींसाठी महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद तयार करण्यात आले होते आणि त्यांच्याच आधारे ‘महारेरा’ची नोंदणीही मिळवण्यात आली होती. घर घेणाऱ्यांपैकी अनेकांना बँकांनी कर्जही दिले होते. सामान्य ग्राहक ज्या कागदांवर भिस्त ठेवतो, ते बहुतेक सारे येथे होते. नव्हती ती केवळ इमारतीला खरीखुरी परवानगी.

अशा व्यवहारात ग्राहकाची पहिली गाठ पडते ती बहुधा एजंटाशी. वकील, बँक आणि दुय्यम निबंधक मागाहून येतात. तोवर टोकन दिले गेलेले असते आणि मनही गुंतलेले असते. त्यामुळे या व्यवसायात येऊ पाहणाऱ्याला ‘जागा दाखवणे’ जमले म्हणजे झाले, हा समज जुना झाला आहे. कायद्याचे मूलभूत ज्ञान ही आता महाराष्ट्रात या व्यवसायाची प्रवेशपरीक्षाच आहे, आणि ती शब्दशः.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, म्हणजेच ‘रेरा’, २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. दलाल, ब्रोकर, मध्यस्थ किंवा अन्य कोणतेही नाव असो, मोबदला घेऊन प्रकल्पातील भूखंड वा सदनिकेच्या व्यवहारात दोन पक्षांना एकत्र आणणारा प्रत्येक जण या कायद्याच्या दृष्टीने एजंट ठरतो. नोंदणी केल्याशिवाय त्याला नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करता येत नाही. महाराष्ट्रात ही नोंदणी पाच वर्षांसाठी दिली जाते. ‘महारेरा’ने जानेवारी २०२३ मध्ये आदेश काढून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर मिळणारे सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले. त्यात जुन्या एजंटांनाही सूट मिळाली नाही.

याच कायद्याचे दहावे कलम नवोदिताने पाठच करावे असे आहे. ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, त्यातील घर विकण्यास साह्य करायचे नाही, हिशेबाच्या वह्या नीट ठेवायच्या, खोटी आश्वासने वा दिशाभूल करणाऱ्या जाहिराती करायच्या नाहीत आणि ग्राहकाला जी माहिती मिळण्याचा हक्क आहे ती मिळवून द्यायची, असे हे बंधन आहे. नोंदणीविषयीच्या आणि या तरतुदींचा भंग केल्यास दंड दिवसाला दहा हजार रुपये असून तो वाढत वाढत मध्यस्थी केलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मिळणारी दलाली बहुधा एक-दोन टक्के असते, हे ध्यानात घेता या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

नोंदणी दस्ताची, हक्काची नव्हे

मालमत्तेच्या कायद्यातील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. ‘रजिस्ट्रेशन झाले म्हणजे मालकी पक्की’ असे सर्रास सांगितले जाते. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार नोंदवला जातो तो दस्त. दुय्यम निबंधक सह्या करणाऱ्यांची ओळख, मुद्रांक शुल्क आणि दस्ताचे बाह्य स्वरूप पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे किंवा नाही याचा निवाडा तो करीत नाही. शासन मालकीची हमी देत नाही. विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याकडे जातो, आणि त्याच्याजवळ काहीच नसेल तर सुंदर बांधणी केलेला नोंदणीकृत दस्तही काही देऊ शकत नाही.

म्हणूनच ‘टायटल सर्च’ करावा लागतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोन पाहून त्या मिळकतीवरील मागील व्यवहारांची साखळी जोडली जाते. हा शोध तीस वर्षांचा घेण्याची प्रथा आहे. ती निराधार नाही. मुदत कायद्यानुसार गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत तीस वर्षे आहे. शोध घेण्याचे काम वकिलाचे. तथापि साखळीतील एखादा दुवा तुटलेला आहे, मूळ करारनामा ‘हरवला’ आहे किंवा तो बँकेत आहे, हे एजंटाच्या प्रथम लक्षात आले पाहिजे. मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज काढणे हेही कायद्याने गहाणच आहे.

सातबाराच्या उताऱ्याबाबतही हाच घोळ होतो. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. असे असले तरी सातबारा वाचता आलाच पाहिजे, आणि तो वाचताना मालकाच्या नावापेक्षा अधिक वेळ ‘इतर हक्क’ या रकान्यावर घालवावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, न्यायालयाचा मनाई हुकूम बहुधा तेथेच दडलेला असतो. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा दिसला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना ती जमीन हस्तांतरित होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर तर अधिक कडक निर्बंध आहेत. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. कर्जत-मुरबाडकडे ‘फार्महाऊस’ दाखवण्यास शहरातील ग्राहक नेणाऱ्याने गाडी काढण्यापूर्वी या गोष्टी तपासाव्यात. शहरात जेथे नगर भूमापन झाले आहे, तेथे सातबाराचे काम मिळकत पत्रिका करते.

साठेखत आणि खरेदीखत

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे ५४ वे कलम सांगते की, शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही : विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचे वचन, खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. वचन मोडल्यास न्यायालयातून ते पुरे करून घेण्याचा मार्ग असतो, पण त्या दिवसापुरता मालक विकणाराच राहतो. महाराष्ट्रात साठेखतासोबत ताबा दिला किंवा द्यायचे ठरले, तर मुद्रांक शुल्क मात्र खरेदीखताइतकेच पडते. ग्राहकाला हे आधी न सांगितल्यास निबंधक कार्यालयाच्या दारातच वाद उभा राहतो.

‘जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी’वर घर विकण्याची पद्धत एकेकाळी फोफावली होती. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्वाळा दिला की, साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांच्या जुडग्याने मालकी हस्तांतरित होत नाही. कुलमुखत्यारपत्र खरे असेल तर मुखत्यार मालकाच्या वतीने खरेदीखत करून देऊ शकतो. मात्र ते रद्द झालेले नाही आणि ते देणारा हयात आहे, याची खात्री करावी लागते.

दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. मुद्रांक शुल्क करारातील रक्कम आणि बाजारमूल्य यांपैकी अधिक असेल त्यावर आकारले जाते. रेडी रेकनरचे दर आणि शुल्काची टक्केवारी बदलत असल्याने ती प्रत्येक व्यवहारापूर्वी नव्याने पाहावी. गेल्या वर्षीच्या आकड्यावर ग्राहकाचे अंदाजपत्रक बांधू नये. कमी मुद्रांकाचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही, आणि फरकाच्या रकमेवर दरमहा दोन टक्के दंड चढत जातो.

सदनिकेचे प्रश्न

मुंबई-पुण्यात बहुसंख्य व्यवहार सदनिकांचे असतात आणि तेथे वारसाचा प्रश्न हमखास उद्भवतो. वडिलांच्या नावे सदनिका, ते निवर्तले, सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव. तो विकायला निघतो. नॉमिनी हा मालक नव्हे. सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार वारस निश्चित होईपर्यंत तो तात्पुरता सभासद असतो. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. बहिणींची नावे या संभाषणात येतच नाहीत, असा अनुभव शहरी सुशिक्षित घरांतही येतो. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याने आई आणि मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क मिळाला. दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ‘ताईची काही हरकत नाही’ हे तोंडी आश्वासन पुरेसे नसते. ताईंनी दस्तावर सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे.

दुसरा प्रश्न भोगवटा प्रमाणपत्राचा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे बांधण्याची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे राहण्याची. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रहिवाशांविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा लोक तेथे अनेक वर्षे संसार करीत होते. डोंबिवलीचा धडा असा की, प्रमाणपत्राची प्रत हाती असणे पुरत नाही. ते महापालिकेने दिले आहे काय, हे महापालिकेकडेच विचारावे लागते. एका अर्जाचे काम आहे, पण बहुतेक जण तो करीत नाहीत.

क्षेत्रफळाबाबत ‘रेरा’ने बराच गोंधळ मिटवला. विक्री चटई क्षेत्रावरच. त्यात आतील भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही. ‘सुपर बिल्टअप’ हा शब्द अजूनही तोंडी ऐकू येतो, कायद्यात मात्र त्याला स्थान नाही. खुली पार्किंगची जागाही विकता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

जमिनीच्या अभिहस्तांतरणाचा, म्हणजे कन्व्हेयन्सचा मुद्दा जुन्या सोसायट्यांत महत्त्वाचा. इमारत सभासदांची, जमीन मात्र अद्याप मूळ मालकाच्या वा विकासकाच्या नावे, अशी स्थिती असेल तर पुनर्विकासाच्या वेळी अडचण येते. मोफा कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’चा मार्ग खुला केला आहे. ग्राहकाने विचारले नाही तरी एजंटाने हे सांगावे.

भाड्याची जागा

‘अकरा महिन्यांचा करार, त्यामुळे रजिस्ट्रेशन नको’ हे वाक्य महाराष्ट्रात चुकीचे आहे. वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या तरतुदीतून अकरा महिने आले. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी जागामालकाची, कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटरीचा शिक्का हा नोंदणीला पर्याय नाही.

पागडीची खोली घेणाऱ्याला भाडेकरूचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. घरमालकाच्या संमतीवाचून असा व्यवहार करू नये. पागडी घेणे बेकायदा आहे ही समजूतही आता खरी नाही. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली आहे.

पैसा आणि दलाली

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. पन्नास लाख रुपये वा त्यावरील खरेदीत एक टक्का प्राप्तिकर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

एजंटाचे अशीलाशी नाते भारतीय करार अधिनियम, १८७२ ने ठरते. अशीलाच्या सूचनांप्रमाणे वागणे, हिशेब देणे आणि त्याच्या नकळत व्यवहारातून स्वतःचा फायदा न काढणे ही त्यातील मुख्य कर्तव्ये. मालकाला एक किंमत आणि ग्राहकाला दुसरी सांगून मधला फरक खिशात घालणे यालाच बाजारात काही जण हुशारी म्हणतात. कायदा ती रक्कम अशीलाची मानतो. दोन्ही बाजूंकडून दलाली घ्यायची असेल, तर ती दोघांनाही ठाऊक असावी. दलाली किती, ती टोकनच्या वेळी देय की नोंदणीच्या, आणि व्यवहार फिसकटल्यास काय, हे आरंभीच लेखी ठरवावे. नोंदणीकृत प्रकल्पातील व्यवहाराबाबत ग्राहक विकासकाप्रमाणेच एजंटाविरुद्धही ‘महारेरा’कडे थेट तक्रार दाखल करू शकतो.